ओट्याखालची मिरची

आधी पैशाचंच सांगून टाकते, कारण प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. खायला मिरची हवी म्हणून मिरची लावायची असेल तर ओट्याखाली बल्ब लावून झाडं वाढवायचं हे सगळं करू नका. आमच्या खाली भाजीवालीकडे दहा रुपयांत मूठभर मिरच्या येतात आणि ओळख असेल तर वर कढीपत्ता फुकट. घरात बल्बखाली वाढवलेली मिरची त्याहून महागच पडते, लाइटचं बिल धरलं तर फारच महाग. पण ज्याच्या घरात ऊन येतच नाही आणि तरी ज्याला घरात काहीतरी हिरवं वाढताना बघायचंय त्याच्यासाठी लिहितेय. अकरा-बाराशे रुपयांत सगळं उभं राहतं हे खरंय, फक्त ते पैसे कुठे घालायचे आणि कुठे एक रुपयाही घालायचा नाही हे कळलं पाहिजे.

आमचं घर वडाळ्याला, एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये, २६९ चौरस फूट. ज्यांनी अशा बिल्डिंगी बघितल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. दोन बिल्डिंगींच्या मध्ये इतकंच अंतर की समोरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आपल्याच कुकरची वाटते, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणजे वरून येणारा उजेड आमच्यापर्यंत पोचेस्तोवर संपलेला असतो. दिवसाही ट्यूब लावावी लागते. मोबाईलवर उजेड मोजायचं एक फुकट ॲप येतं, लक्स दाखवतं, ते मी भर दुपारी किचनच्या खिडकीत धरलं तर दोनशेच्या आतबाहेर आकडा. तेच खाली रस्त्यावर उन्हात धरलं तर लाखाच्या आसपास. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळतच नाही, डोळा ॲडजस्ट करून घेतो, आपल्याला वाटतं बराय की उजेड घरात. झाडाला मात्र ती उपासमार असते. म्हणून तर खिडकीत ठेवलेली तुळस महिन्याभरात काटकुळी होऊन मान टाकते आणि आपण म्हणतो माझ्या हाताला झाडं येत नाहीत. हाताचा काही संबंध नसतो हो.

सासूबाईंचं माहेर संगमेश्वरकडचं, परड्यात मिरच्या, वांगी, पडवळ सगळं असायचं, त्यामुळे मी बल्बखाली मिरची लावणार म्हटल्यावर त्या जे हसल्या ते चहा होईपर्यंत हसतच होत्या. "अगो, कोंबडीची पिल्लं काढतेस की मिरच्या?" मी म्हटलं आई, बघा तर खरं.

आता हे बल्बचं डोक्यात कुठून आलं तर इंटरनेटवरून, आणि यात एक गंमत आहे. अगदी कमी पैशात, छोट्याशा जागेत, घरातल्या घरात झाड कसं वाढवायचं हे शोधायला गेलं की जगभरातली निम्मी माहिती गांजा लावणाऱ्यांनी लिहिलेली निघते. बादलीत झाड, जुन्या कपाटात झाड, कॉम्प्युटरच्या केसमध्ये झाड, पंखा कुठे लावायचा, बल्ब किती इंचावर, सगळं. कॅनडात वगैरे चार झाडं घरी लावायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे, ते लोक उघड लिहितात. आपल्याकडे ते झाड लावणं म्हणजे एनडीपीएस, अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, कलम २०, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, आणि कुंडीत एकच आहे, घरापुरतं आहे असलं काही चालत नाही. आपल्याला त्याच्याशी घेणंदेणंच नव्हतं. पण उजेडाचं गणित मिरचीला आणि त्याला वेगळं थोडंच असतं, म्हणून मी ते सगळं वाचून काढलं आणि झाडाचं नाव आलं की तिथे मिरची वाचायचं असं ठरवलं. एक फरक मात्र महत्त्वाचा निघाला. त्या झाडाला फुलावर यायला रोज लांबलचक अंधार लागतो, त्यामुळे त्यांची निम्मी कटकट अंधार कसा पाळायचा याचीच. मिरचीला दिवस मोठा की लहान याचं काही पडलेलं नसतं, वय झालं आणि पोटभर उजेड मिळाला की फुलते. तेवढी एक डोकेदुखी गेली, टायमरचा खर्चही गेला.

जागा कुठे करायची हा मुंबईतला खरा प्रश्न, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे पाइप गॅस आला तेव्हापासून ओट्याखालची सिलेंडरची जागा रिकामी होती, म्हणजे रिकामी कसली, तिथे कांदे-बटाटे, जुनी पातेली आणि एक बंद पडलेला मिक्सर. दोन फूट रुंद, साधारण पावणेदोन फूट खोल आणि उंचीला अडीच फुटाच्या आत. गॅसचा पाइप दुसऱ्या टोकाला आहे, ते आधी बघितलं, वायर त्या बाजूला नेलीच नाही. मिक्सर भंगारवाल्याला दिला, कांदे टोपलीत गेले आणि जागा मोकळी.

आतून पांढरं करायचं असतं, कारण बल्बचा उजेड चारी बाजूंना जातो आणि भिंत काळपट असली की तो तिथेच मरतो. लोक ॲल्युमिनियमची फॉइल लावतात, ती चुरगळलेली असते, कुठे चमकते कुठे नाही, आणि वायरीजवळ धातू कशाला? मी तिन्ही भिंतींना चुना मारला, उरलेला डबा शेजारच्या काकांकडे पडून होता. पुढून पडदा हवा होता तर आमच्या मंडळाचा गणपतीचा जुना फ्लेक्स मिळाला, शुभेच्छुकांचे फोटो बाहेरच्या बाजूला आणि पांढरी बाजू आत. त्यामुळे आमच्या ओट्याखाली बरेच दिवस एक माजी नगरसेवक हात जोडून उभे होते. सासूबाई त्यांना म्हणायच्या, सरका, मिरची काढायचीय. फ्लेक्स बल्बला टेकू द्यायचा नाही एवढंच, आणि खाली चार बोटं उघडा ठेवायचा, हवा आत यायला.

बल्ब. इथे पैसे घालायचे. मी लोहार चाळीत गेले होते दुसऱ्याच कामाला, तिथे बारा वॉटचे साधे एलईडी बल्ब एकशे वीसला मिळाले, तीन घेतले, तीसचा एक असे तीन होल्डर. दुकानदाराला म्हटलं झाडासाठी पाहिजेत, तर तो म्हणाला, "ताई, झाडाचे वेगळे येतात, जांभळे, पाचशेपासून." जांभळ्याची गोष्ट पुढे येतेच. सांगायचं म्हणजे पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त खातं हे बरोबर आहे, पण साध्या पांढऱ्या एलईडीत लाल, निळा, हिरवा सगळंच असतं आणि पान हिरव्याचाही उपयोग करतं, अगदीच वाया घालवत नाही. कूल डेलाइट लिहिलेला, ६५०० के वाला, त्यात निळा जास्त, त्याने रोप बुटकं आणि भरीव राहतं. पिवळसर वॉर्म व्हाइटमध्ये लाल जास्त, फुलाच्या वेळी बरा. मी दोन कूल आणि एक वॉर्म घेतला. बल्ब घेताना वॉट बघू नका, खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेले असतात ते बघा, बारा वॉटला बाराशेच्या आसपास असले तर ठीक.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. बल्बचं वरचं पांढरं प्लास्टिक काढलं की उजेड वाढतो, असं दाखवणारे खूप व्हिडिओ आहेत. उजेड वाढतो हे खरंय, पण स्वस्त बल्बमध्ये आतल्या पट्टीवर सरळ मेनचा करंट खेळत असतो, आणि आपण तिथे पाण्याचा स्प्रे मारणार, ओला हात घालणार. नको. घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको.

बल्ब ओट्याखाली कायमचे ठोकले नाहीत. एका लाकडी पट्टीवर होल्डर बसवले आणि पट्टी दोन हुकांना सुतळीने टांगली, म्हणजे रोप लहान असताना खाली सोडायची आणि वाढेल तशी वर ओढायची. उजेड अंतराने फार भराभर कमी होतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, शाळेत शिकलो होतो पण तेव्हा कोणाला काय कळतंय. मी मोबाईल धरून बघितलं, वीतभर अंतरावर नऊ-दहा हजार लक्स आणि तोच ओट्याखालच्या जमिनीवर धरला तर कुठच्या कुठे. म्हणून रोपाचा शेंडा आणि बल्ब यांच्यात वीतभरच अंतर ठेवायचं, एलईडी आहे, पान भाजत नाही. हाताचा पंजा उलटा करून शेंड्याच्या उंचीवर धरायचा, चटका वाटला तर पट्टी थोडी वर.

पंखा लॅमिंग्टन रोडवरून, कॉम्प्युटरमधला जुना, बारा व्होल्टचा, साठ रुपये. तो चालवायला घरात पडलेला जुन्या राउटरचा ॲडॉप्टर, तोही बारा व्होल्टचा, दोन वायरी जोडल्या की झालं. नवऱ्याने जोडून दिलं आणि त्याचं श्रेय तो अजून घेतो. पंखा मुंबईत लागतोच. एक तर बल्बची गरम हवा बाहेर काढायला, बंद जागेत बल्बही लवकर जातात, आतलं सर्किट तापून जातं. दुसरं म्हणजे आपल्याकडची दमट हवा, त्यात कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. आणि हलक्या वाऱ्याने रोप सारखं हलत राहिलं की दांडा जाड होतो, हे मी नुसतं वाचलं होतं, नंतर हाताला जाणवलं.

मातीवर खर्च करू नका. म्हणजे मातीच आणू नका, चौथ्या मजल्यावर लाल मातीचं पोतं कोण चढवणार, आमची लिफ्ट तर काय, असो. कोकोपीटची एक वीट घ्यायची, साडेसहाशे ग्रॅमची, सत्तर रुपयांत मिळते, पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. ती दोन-तीनदा धुवून पिळून घ्यायची, तिच्यात मीठ असतं. त्यात दोन किलो गांडूळखत, साठ रुपये. कुंड्या म्हणजे गोडेतेलाचे पाच लिटरचे कॅन वरून कापलेले, खाली तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने भोकं. बाहेरून जुना ब्राऊन पेपर गुंडाळला, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकमध्ये मुळांवर उजेड पडून शेवाळ धरतं. दोन कॅन, दोन झाडं. त्याहून जास्त त्या जागेत बसत नाहीत, हावरटपणा केला तर एकमेकांच्या सावलीत दोन्ही उपाशी.

बी दोन प्रकारचं. एक पुसा ज्वालाचं पाकीट, ही दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेची जुनी जात, झाड बुटकं आणि पसरट राहतं म्हणून आपल्याला सोयीची. दुसरं सासूबाईंच्या बरणीतलं, गावाकडच्या मिरचीचं, जातीचं नाव काय तर "मिरचीच ती, गावची". बी रात्रभर कोमट पाण्यात, मग ओल्या टिश्यूत गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत आणि डबी सेट-टॉप बॉक्सवर. तो कायम कोमट असतो ना. मिरचीच्या बियांना पंचवीस ते तीस डिग्री ऊब लागते, दिवाळीनंतर मुंबईत दिवसा ती असतेच, रात्रीची काळजी सेट-टॉप बॉक्सने घेतली. आठवडाभरात पुसा ज्वालाला पांढरे कोंब आले. गावच्या मिरचीचं काहीच नाही. सासूबाई रोज मालिकेच्या ब्रेकमध्ये डबी उघडून बघायच्या आणि न बोलता बंद करायच्या. पुढे आणखी काही दिवसांनी गावच्या बियांनीही डोळे उघडले, तेव्हा बाईंचा चेहरा बघायला हवा होता, जणू काय नातवंड झालं.

कोंब आल्यावर लगेच बल्बखाली, एक दिवसही थांबायचं नाही. अंधारात राहिलं तर रोप उजेड शोधत लांबतं, सुतासारखा दांडा आणि वर दोन पानं, ते मग सावरत नाही. रोज चौदा-पंधरा तास बल्ब चालू ठेवले. टायमर घेतला नाही कारण आमच्याकडे टायमर मीच आहे, पहाटे साडेपाचला डब्याची पोळी लाटायला उठते तेव्हा ओट्याखालचं बटण चालू, रात्री साडेआठला भांडी घासून झाली की बंद. पोळ्या करताना पायाशी उजेड यायचा, थंडीत बरंही वाटायचं.

पाणी कमी. सगळे पाण्याने झाडं मारतात. कॅन उचलून बघायचा, हलका लागला तर पाणी, जड लागला तर नाही, बोट घालून बघण्यापेक्षा हे सोपं. आता मुंबईच्या पाण्याचं एक आहे, आपलं पाणी तानसा, वैतरणा, भातसा असल्या धरणांचं, पावसाचं साठवलेलं, मऊ. साबणाला फेस भरपूर, पण त्यात कॅल्शियम कमी. आणि कोकोपीट उलट कॅल्शियम धरून ठेवतं. त्यामुळे बोअरच्या जड पाण्यावर माती वापरून झाडं लावणाऱ्यांना जो त्रास होत नाही तो आपल्याला होतो, नवीन पानं वेडीवाकडी येतात. नर्सरीवाल्याने पुडीत कॅल्शियम नायट्रेट दिलं, पन्नास रुपये, आणि एकोणीस-एकोणीस-एकोणीसची, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या खताची पुडी साठला. दोन्ही लिटरला एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग धरा, पण एकत्र कालवायची नाहीत, पांढरा गाळ बसतो आणि खत वाया जातं. एका आठवड्याला हे, दुसऱ्याला ते. अंड्याची टरफलं वगैरे मीही घातली, घाला, पण ती विरघळायला इतका वेळ घेतात की झाडाचं आयुष्य संपतं.

रोप सात-आठ पानांवर आलं की शेंडा खुडला. सासूबाई ओरडल्याच, "चांगलं वाढतंय तर मान काय मोडतेस!" पण उंची अडीच फुटाच्या आत, त्यात कॅन आणि बल्ब, झाडाला जेमतेम दीड फूट मिळतो, मग ते आडवं पसरायला हवं. शेंडा गेला की खालच्या बेचक्यांतून फांद्या फुटतात. त्या सुतळीने बाहेर ओढून कॅनच्या काठाला बांधल्या म्हणजे सगळे शेंडे एका उंचीवर आणि सगळ्यांना सारखा उजेड. हीसुद्धा त्या परदेशी मंडळींचीच युक्ती.

मध्ये एकदा पानं वळायला लागली. आपल्याकडे शेतकरी याला बोकड्या म्हणतात, चुरडा-मुरडाही म्हणतात, आणि मिरची लावली म्हणजे तो येणारच असं धरून चालतात. पण चौथ्या मजल्यावर ओट्याखाली कसा आला देव जाणे, बहुतेक भाजीबरोबर. इथे नीट बघायचं असतं. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर फुलकिडे, आणि खालच्या बाजूला, पालथ्या चमच्यासारखं, तर कोळी नावाची अगदी बारीक कीड. आमचं खाली वळलेलं होतं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून पानाच्या मागे धरला तर शिरेच्या कडेने पिवळसर, जवळजवळ काचेसारखे ठिपके, एक मिनिट हात न हलवता बघितलं तर त्यातले काही ठिपके चालत होते. सासूबाईंना दाखवलं, त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाल्या, "हे एवढंसं पूर्वीपण असणार, आम्हाला दिसत नव्हतं एवढंच." जास्त बिघडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, बाकी पानांची मागची बाजू साबणाच्या पाण्याने बोळा फिरवून पुसली आणि आठवड्यातून एकदा रात्री बल्ब बंद झाल्यावर कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे दोन थेंब. तेलाची बाटली ऐंशी रुपये. दोन दिवस किचनमध्ये वास राहतो, पोहे पण कडू लागतात असं नवऱ्याचं म्हणणं. दोनच झाडं असली की एकेक पान पुसता येतं, शेतकऱ्याला ते कुठून जमणार.

जांभळ्या बल्बचं राहिलं. माझ्या भाच्याने कौतुकाने एक जांभळा ग्रो लाइट आणून दिला, मी म्हटलं असू दे, लावू. लावला आणि रात्री किचनची खिडकी अशी काही उजळली की समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघायला लागले, डान्स बारच वाटत असेल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात, मागे वॉचमन. सेक्रेटरी भला माणूस, चपला बाहेर काढून आत आले, पाणी घेतलं, आणि मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण तक्रार आलीय. पेपरात येतं ना हल्ली, फ्लॅटमध्ये लाइट लावून कायकाय लावतात ते." मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या, माजी नगरसेवकांना बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "बघा, वाकून बघा. मिरची ओळखता ना?" ते बिचारे गुडघे धरून वाकले. तेव्हा झाडाला पांढरी फुलं होती, एक-दोन बोटभर मिरच्याही. वॉचमन यूपीचा, त्याने लांबूनच बघून सांगितलं, "मिर्ची है साहब." विषय संपला. सेक्रेटरींनी जाताना बल्ब कितीचा ते विचारून घेतलं.

जांभळा मी त्याच दिवशी काढला, आणि तक्रार आली नसती तरी काढलाच असता. त्या उजेडात सगळी पानं काळी दिसतात, पिवळी पडलीत की नाही, कीड आहे की नाही काही कळत नाही, आणि वॉटाच्या मानाने उजेडही फार नव्हता.

फुलं आली तरी सुरुवातीला टिकत नव्हती, कळ्या देठासकट गळायच्या. तीन बल्बवर पानं मस्त होती पण फळ धरायला उजेड पुरत नव्हता, पान करायला झाडाला कमी लागतं, फळाला खूप जास्त. मग आणखी दोन बल्ब आणले, पाच झाले, शेंड्यावर मोबाईल पंधरा हजारांच्या वर दाखवायला लागला. बाहेरच्या उन्हापुढे तरी काहीच नाही, पण रोज पंधरा तास न चुकता मिळतो, ढग नाही, सावली नाही. त्यानंतर फळ धरलं. दुसरी गोष्ट म्हणजे फुलं हलवावी लागतात. मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही एकाच ठिकाणी, बाहेर वाऱ्याने काम होतं, घरात सकाळी फांदीला टिचकी मारायची. सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं, पूजेनंतर घंटा वाजवून झाली की ओट्याखाली टिचक्या.

हिशोब असा. पाच बल्ब सहाशे, होल्डर दीडशे, पंखा साठ, कोकोपीट सत्तर, गांडूळखत साठ, दोन खतांच्या पुड्या एकशे दहा, निंबोळी तेल ऐंशी, बियांचं पाकीट तीस. अकराशे साठ. त्यातले निम्म्याहून जास्त बल्ब-होल्डरचे, आणि तसंच असायला हवं. ज्यांनी आधी कुंड्या, रंगीत स्टँड, झारी, पाच प्रकारची खतं घेतली आणि झाड खिडकीत ठेवलं त्यांची झाडं मेलेली मी बघितलीत. बिलाचं म्हणाल तर पाच बल्ब म्हणजे साठ वॉट, गुणिले पंधरा तास, रोजचं जवळजवळ एक युनिट, महिन्याला सत्तावीस. युनिटला सहा रुपये धरले तरी एकशे साठच्या वर. बेस्टचं बिल आलं की नवरा ते फ्रिजवर मॅग्नेटने लावतो, मुद्दाम.

मिरच्या किती आल्या? फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत रोजच्या फोडणीपुरत्या बऱ्याचशा घरच्या. पुसा ज्वालाला जास्त, लांब, सुरकुतलेल्या. गावच्या झाडाला कमी, पण तिखट अशी की एकीत अख्खी आमटी. काही झाडावरच लाल होऊ दिल्या, सासूबाईंनी त्यांचा लसूण घालून खरडा केला आणि समोरच्या काकूंकडे वाटी पाठवली, तक्रार कोणी केली होती ते आम्हाला माहीत होतंच.

मे लागला आणि ओट्याखाली दुपारी पस्तीसच्या वर जायला लागलं, त्या उष्णतेत मिरची फूल धरत नाही, पाच बल्ब आणि वरती शेगडी, पंखा तरी काय करणार. बल्बही दोन गेले. झाडं छाटून एक खालच्या भाजीवालीला दिलं, तिच्या गाडीच्या बाजूला ऊन येतं, ते तिथे परत फुटलंय. ज्यांना दिवाळीपर्यंत थांबायचं नाही त्यांनी तीन बल्बवर मेथी करा, पसरट डब्यात दोन बोटं कोकोपीट, मेथीदाणे भिजवून दाट टाकायचे, आपल्याकडे समुद्रमेथीच्या छोट्या जुड्या मिळतात ना तेवढी झाली की कापायची, दीड-दोन आठवडे लागतात आणि उजेड निम्माही चालतो. आमच्याकडे सध्या तीच आहे. बिया बरणीत राखून ठेवल्यात, गावच्या वेगळ्या आणि ज्वालाच्या वेगळ्या, बरणीवर चिठ्ठी सासूबाईंनी लावलीय, गावच्या बियांच्या बरणीला हात लावायचा नाही अशी.